तूट पगारामुळे आली हे सिद्ध कसं करणार?

शहराचं बजेट गडगडलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, पगार आणि पेन्शनने तिजोरी खाल्ली. पुरावा काय, तर उत्पन्नातला पगाराचा वाटा ४० टक्क्यांवरून ५० वर गेला. ऐकायला एकदम पक्कं वाटतं आणि चर्चा तिथेच संपते, याचाच मला खूप त्रास होतो.

कारण हा वाटा पगार एक पैसा न वाढताही वाढतो. उत्पन्न १०० होतं, पगार ४०, म्हणजे ४० टक्के. आता मालमत्ता कराची वसुली ढासळली, उत्पन्न ८० वर आलं, पगार तेवढाच ४०, झाले ना ५० टक्के! म्हणजे तोच आकडा "पगार फार वाढले" म्हणणाऱ्यालाही चालतो आणि "वसुली बुडाली" म्हणणाऱ्यालाही, मग त्याने नेमकी कुणाची बाजू भक्कम झाली?

माझं म्हणणं एवढंच आहे की जो पुरावा दुसरी शक्यता बाद करतो तोच मुद्द्याला बळ देतो. पगारामुळेच तूट आली असं म्हणायचं असेल तर त्या काळात उत्पन्न घटलं नव्हतं, व्याजाचा बोजा वाढला नव्हता, आणि तूट पगारवाढीच्या आधी नव्हती हे दाखवा. तशाच दुसऱ्या शहरात पगार वाढले नाहीत आणि तूटही आली नाही हे दाखवता आलं तर फारच छान, पण ते शहर खरंच तसंच आहे का हेही बघावं लागतं, आणि तिथे बरेच जण घाई करतात.

अमेरिकेतल्या डेट्रॉइटचंच बघा. २०१३ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली, देणी साधारण १८ अब्ज डॉलरची, आणि त्यात निवृत्तांची देणी मोठी होतीच, ते कुणी नाकारत नाही. पण १९५० मध्ये १८ लाखांच्या वर असलेली लोकसंख्या तोवर ७ लाखांच्या आसपास आली होती. कर भरणारे निघून गेले आणि जुन्या मोठ्या शहराची देणी मात्र मागे राहिली, मग नुसता पेन्शनचा आकडा पुढे करून निकाल कसा लावायचा?

उलट बाजूनेही फसायला होतं. बजेट कागदावर शिलकी आहे म्हणजे सगळं ठीक, हाही पुरावा नाही. न्यूयॉर्क १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलं त्याआधी कितीतरी वर्षं रोजचा खर्च भांडवली खर्चात, म्हणजे रस्ते-इमारतींसारख्या टिकाऊ कामांच्या खर्चात, दाखवला जात होता आणि तो कर्जातून भागवला जात होता. जुनं अल्पमुदतीचं कर्ज फेडायला नवीन घ्यायचं, असं चाललं होतं, आणि बाजाराने कर्ज देणं थांबवलं तेव्हा सगळं उघडं पडलं. तिथे जमाखर्चाची बेरीज बघून काही कळलं नसतं, अल्पमुदतीचं कर्ज दरवर्षी किती वाढतंय ते बघितलं असतं तर कळलं असतं.

म्हणून मला एकच तक्ता मागायची मुभा असेल तर मी गेल्या दहा वर्षांचा अंदाजित महसूल आणि प्रत्यक्ष जमा शेजारी शेजारी मागेन. अंदाज कधी वर कधी खाली चुकला असेल तर समजू शकतो, पण दरवर्षी अंदाज फुगलेलाच असेल आणि त्याच्या भरवशावर खर्च मंजूर होत असेल तर पगाराकडे बोट दाखवण्याआधी तो अंदाज कुणी आणि कशावरून धरला हे विचारायला हवं.