साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन: चढाचं सोडा, उताराचं बघा

‘अर्धा चढ, अर्धा उतार, वर घालवलेला वेळ खाली वसूल’ हे साताऱ्याबद्दल ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. साफ खोटं आहे. वेळ वसूल होत नाही. उताराला मांड्या जातात आणि मग शेवटी गावातल्या सोप्या रस्त्यावर चांगली पळणारी माणसं चालत येतात. सप्टेंबरात, शर्यतींचा हंगाम जेमतेम सुरू होत असताना ही शर्यत येते. जून-जुलैच्या पावसात ज्यांच्या रविवारच्या लांब पळण्याला दांड्या पडल्या, त्यांना ती बरोबर गाठते. सपाटीवर २१ किलोमीटर पळता येतात हे इथे गृहीत धरलंय. येत नसतील तर पहिली हाफ म्हणून सातारा घेऊच नका.

मार्ग असा: पोलीस परेड ग्राउंडवरून गावातून समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट, वर पठारावरून कासच्या दिशेने आणि त्याच रस्त्याने परत. गावातला भागही सपाट नाही. समर्थ मंदिराकडे जाताना अंगावर न येणारा चढ आहे. ढोल वाजत असतात, लोक टाळ्या देत असतात आणि तिथेच किलोमीटरमागे वीस-तीस सेकंद जास्तीचे उधळले जातात. ते घाटात व्याजासकट द्यावे लागतात.

घाट लागला की घड्याळातला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, बघणं बंद. तीन-चार शब्दांचं वाक्य एका दमात बोलता येतंय ना, तेवढंच बघा. पावलं आखूड, हात चालू, कंबरेतून वाकायचं नाही. वळणाची आतली बाजू जवळची असली तरी तीच उभी असते, त्यामुळे फार आत शिरू नका. चालायचं असेल तर धाप लागण्याआधी चाला. साठ पावलं झपझप चालून पुन्हा पळणारा माणूस रडतखडत पळणाऱ्याच्या पुढे जातो. सपाटीवर दोन तास लागत असतील तर इथे दोन तास दहा ते पंधरा मिनिटं धरा. वर पठारावर धुकं आणि वारा असतो, पळायला मस्त.

आता उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात असतानाच जोर लावत असतो. दम लागत नाही म्हणून माणूस सुटतो, पण स्नायूच्या तंतूंना इजा होत राहते आणि ती घाट संपल्यावर, पाय सपाटीला लागल्यावर कळते. टाच पुढे फेकून पळणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान. पाऊल शरीराच्या खाली पडलं पाहिजे, पावलांची गती जास्त आणि उडी कमी. उताराचे पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हात राखून पळा.

यावर खरा उपाय म्हणजे आधीचा सराव. चार-सहा आठवडे, आठवड्यातून एकदा तीन-चार किलोमीटर उतार पळायचा. पुणेकरांना बोपदेव घाट आहे, सिंहगडाचा गाडीरस्ता आहे. शेवटचा जोरदार उतार शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही. एकदा उताराने दुखलेले स्नायू पुढचे काही आठवडे तेवढे दुखत नाहीत, हा फायदा फुकट आहे. जिममधल्या स्क्वॉट्सनी तो पुरता मिळत नाही.

बुटांची लेस वरच्या जादा भोकातून ओवून घोट्याशी आवळा, नाहीतर उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. नखं तीन-चार दिवस आधी कापा. तळवे झिजलेले बूट घरी ठेवा. ओल्या रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि कडेचं शेवाळ दोन्ही घसरवतात. पावसात सुती मोजे म्हणजे फोड नक्की. काखेत आणि जांघेत व्हॅसलीन थापा. हवा गार वाटते म्हणून पाणी टाळू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, पण जातो तेवढाच. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरमध्येच विरघळवा. अर्ध्या लिटरमध्ये कालवलं तर पोट बिघडतं.

घरच्यांना नेणार असाल तर लॉजचं आधी बघा. शर्यत रविवारी, त्यामुळे आदल्या शनिवारी नेहमीच्या दुप्पट भाव सर्रास सांगतात, फोनवर एक आणि काउंटरवर दुसरा. मुलांच्या गादीचे वेगळे, गरम पाण्याचे वेगळे. सगळ्यात वाईट म्हणजे सकाळी दहाचा चेकआउट: तुम्ही पदक घेऊन येता आणि सामान बाहेर ठेवलेलं असतं. एकूण रक्कम, जादा गादी आणि दुपारी बाराचा चेकआउट एवढं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मगच आगाऊ पैसे. लॉज परेड ग्राउंडपासून चालत जाण्याएवढं जवळ असावं, पहाटे साडेचारला रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं. सातारा रेल्वे स्टेशन गावाबाहेर माहुलीकडे आहे. त्यापेक्षा स्वारगेटहून विनाथांबा एसटी बरी.

पहाटे उपाहारगृह उघडं असेल यावर विसंबू नका. केळी, गूळपोळी किंवा ब्रेड-जॅम बरोबर ठेवा.

घरच्यांनी घाटावर यायचा हट्ट करू नये, रस्ता बंद असतो. जाता-येता एकच रस्ता असल्यामुळे गावातल्या एकाच चौकात तुम्ही दोनदा दिसता. पहिल्यांदा बघून त्यांनी नाश्ता करून यावं, दीड-दोन तास मुलांना ताटकळत उभं करू नये. फिनिशच्या कमानीपाशी भेटायचं ठरवू नका, तिथे गर्दीत फोनही धड लागत नाही. मैदानाबाहेरची एखादी टपरी ठरवा. त्यांच्याकडे कोरडा टीशर्ट, चपला आणि थोडी रोकड असू द्या. ओल्या अंगाने अर्धा तास उभं राहिलं की हुडहुडी भरते.

‘आलोच आहोत तर दुपारी कास’ हा बेत रद्द करा. फुलांचा हंगाम, रविवार आणि तोच घाट, पुढे गाड्यांची रांग. वर पठारावर तासभर चालणं आहे, तेही ऑनलाइन बुकिंग असेल तरच. घरच्यांनी शनिवारी जावं आणि पळणाऱ्याने खोलीत पाय वर करून पडावं, नाहीतर सगळ्यांनीच सोमवारी जावं.

परतीला गाडी दुसऱ्या कोणी चालवावी, क्लच दाबणारा डावा पाय वाहतुकीत गोळा येऊन अडकतो. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्यापाशी रांग लागते, म्हणून जेवून दोनच्या आत निघा. कंदी पेढे शनिवारीच घेऊन ठेवा.