दोन बटणं आणि सव्वा तासाचा हम

स्वतंत्रपणे साउंड सांभाळायचा माझा पहिलाच कार्यक्रम. स्पीकर उभे राहिले, 17 लाइनी स्टेजबॉक्सला (स्टेजवरच्या सगळ्या केबली जिथे लागतात तो डबा) लागल्या, ड्रम आणि बेसचे लेव्हल पटापट झाले. साउंडचेकला 2 तास होते. त्यातला सव्वा तास एकाच आवाजाने खाल्ला. अजूनही कीबोर्डवाला लॅपटॉप काढू लागला की माझ्या पोटात गोळा येतो.

मिक्सरवरचे कीबोर्डचे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) वर नेले आणि घों… कोणी वाजवत नसतानाही. यालाच आम्ही हम म्हणतो. बेसवाला म्हणाला, "'जी' सूर आहे, जरा चढा." बरोबर होतं त्याचं. तिथली वीज 50 हर्ट्झची, आणि बेसवरचा सर्वांत खालचा 'जी' सूर त्याहून किंचित उतरलेला, 49 हर्ट्झचा. तेवढ्यात हॉलचे व्यवस्थापक डोकावले. "होतं असं. हॉल भरला की जातो आवाज, माणसं शोषून घेतात." माणसं आवाज शोषतात हे खरं, पण ती बहुतेक वरच्या पट्टीतला. 50 हर्ट्झला गर्दीचं काही सोयरसुतक नसतं.

मी सरळ लाइटवाल्यावर घसरलो. डिमर (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणारं यंत्र) बंद कर, परत लाव, पुन्हा बंद कर. वीस मिनिटं वाया, वर त्याची नाराजी. खरं तर कानालाच कळायला हवं होतं: डिमरचा त्रास झरझरीत, खरखरीत येतो, आमचा मात्र गोल, जाड घों होता. शिवाय डोकं शांत असतं तर आधी एकेक चॅनल म्यूट करून पाहिला असता. शेवटी केला तेव्हा अर्ध्या मिनिटात कळलं, फक्त 11 आणि 12, म्हणजे कीबोर्डची डावी-उजवी लाइन. बाकी सगळं स्वच्छ.

मग केबल बदलली, चॅनल बदलला. घाईत म्यूट न करता जॅक उपटला आणि स्पीकरमधून असा धडाका निघाला की गायिका स्टेजवरून उतरून गेली. (जॅकला हात लावण्याआधी म्यूट. हे मला माहीत होतं.) वैतागून लॅपटॉपचा चार्जर काढला आणि हम गायब. चार्जर लावला, हजर.

म्हणजे ग्राउंड लूप. लॅपटॉपला स्टेजवरच्या बोर्डाची अर्थिंग, मिक्सरला हॉलच्या मागच्या बोर्डाची. लॅपटॉप यूएसबीने कीबोर्डला, कीबोर्ड डीआय बॉक्समधून (वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) मिक्सरला. अर्थिंगचं वर्तुळ पूर्ण झालं. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला तरी केबलमधल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून करंट फिरतो आणि तोच ऐकू येतो. बॅटरीवर वाजव म्हटलं, तर म्हणे अर्धा तासही टिकत नाही.

स्टेजवरचा एक मदतनीस चिकटपट्टी घेऊन आला. प्लगची अर्थिंगची पिन झाकून टाकू, आम्ही नेहमी करतो म्हणाला. हम जातो त्याने, नक्की जातो. पण उपकरणात बिघाड होऊन बॉडीत वीज उतरली तर तिला जायला वाट उरत नाही. मग हात तारांवर आणि ओठ माइकला असलेला माणूस स्वतःच वाट होतो. त्या दिवशी मी फक्त एकदाच आवाज चढवला, तो इथे.

यावर खरा इलाज डीआय बॉक्सवरच असतो: ग्राउंड लिफ्टचं बटण. ते केबलच्या जाळीतली अर्थिंगची वाट तेवढी तोडतं. दाबलं. आवाज जरासा बदलला, गेला नाही. मला वाटलं बॉक्सच गेला. दुसरा लावला, तसंच. आमच्या बॉक्सवरची अक्षरं घासून गेली होती, त्यामुळे बटण आत म्हणजे लिफ्ट की बाहेर म्हणजे, यावरही दहा मिनिटं गेली. दर पाच मिनिटांनी मागून कोणीतरी विचारत होतं, "झालं का?"

शेवटी टॉर्च घेऊन कीबोर्डच्या स्टँडखाली पालथा पडलो. केबलींच्या गुंत्यात दोन बॉक्स शेजारी-शेजारी, डाव्या-उजव्या लाइनला एकेक. डाव्याचं बटण आत. उजव्याचं बाहेर. एक वाट तोडून दुसरी मीच उघडी ठेवली होती! नखाने दाबलं. टक्. आणि हॉलमधल्या पंख्यांचा आवाज ऐकू आला.

आता माझ्या पेटीत ते दोन बॉक्स चिकटपट्टीने एकमेकांना बांधलेले असतात आणि वर मार्करने लिहिलंय: 'आत = लिफ्ट'.

मॉनिटरला (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) उरली जेमतेम वीस मिनिटं, म्हणून गायिकेचा मॉनिटर शिट्टी मारत राहिला. तिचा माइक सुपरकार्डिऑइड आणि मी मॉनिटर ठेवलेला बरोबर माइकच्या शेपटीसमोर. असा माइक थेट मागून बहिरा नसतोच. तो बहिरा असतो समोरून मोजलं तर साधारण 125 अंशांवर, मागच्या दोन कोपऱ्यांकडे. मॉनिटर बाजूला सरकवला आणि शिट्टी थांबली. इक्वलायझरला हातही लावावा लागला नाही.

कार्यक्रम नीट झाला. केबली गुंडाळत होतो तेव्हा व्यवस्थापक पुन्हा आले. "बघा, म्हटलं नव्हतं? हॉल भरला आणि आवाज गेला."

"हो साहेब," म्हटलं, आणि पुढची केबल उचलली.