तुला नाही झेपायचं

जेवताना दादा म्हणाला, "उद्या सकाळी आम्ही वॉर रेम्नंट्स म्युझियमला जाऊन येतो, तुम्ही दोघी बाजार करा." वहिनींनी मान डोलावली. मी विचारलं, मी का नको? तर म्हणे, "तुला नाही झेपायचं गं."

बस्स, एवढंच. हो ची मिन्ह सिटीत दिवसभर हिंडून पायांचे तुकडे पडलेत, तरी डोळ्याला डोळा नाही. हॉस्पिटलमध्ये आईच्या उशाशी रात्र रात्र कोण बसलं होतं? तेव्हा बरं झेपलं. जाऊ दे, तो विषय नको.

पण खरंच झेपेल का? अंगणातल्या विमानांचं, रणगाड्यांचं काही नाही, लोखंडाला काय घाबरायचं. अडतं ते एजंट ऑरेंजच्या दालनापाशी. व्हिएतनाम युद्धात, १९६१ ते १९७१, अमेरिकेने जंगलांवर एजंट ऑरेंजसारखी तणनाशकं फवारली, शत्रूला झाडांचा आडोसा मिळू नये म्हणून. त्यातलं डायॉक्सिन नावाचं विष मातीत मुरलं, माणसांतही. व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांचे फोटो आहेत तिथे. आणि काचेच्या बरण्यांत, जन्मालाच न आलेले जीव.

रडू येईल याची भीती नाही. रडले तर दादाचं खरं ठरेल, याची आहे. (या वयात!) आणि नाहीच रडले तर? एसीची झुळूक कुठे येते ते बघत, पुढच्याच्या पाठीमागून सरकत सरकत बाहेर आले तर? ते जास्त वाईट. ते कोणाला सांगताही येणार नाही.

झेपण्याचा विचार त्या म्युझियमनेसुद्धा केलेला दिसतो. १९७५ साली उघडलं तेव्हा पाटीवर अमेरिकेचे आणि तिच्या हस्तकांचे गुन्हे होते. १९९० साली अमेरिका नावातून गेली. १९९५ साली, अमेरिकेशी राजनैतिक संबंध जुळले त्याच वर्षी, गुन्हेही गेले. उरले नुसते युद्धाचे अवशेष. पाहुण्यांच्या पचनी पडेल इतपतच दारावर लिहायचं, बाकी आत.

मला खरं तर 'रेक्विअम' बघायचंय. लढाईचे फोटो काढता काढता मेलेल्या छायाचित्रकारांचे फोटो, दोन्ही बाजूंच्या. रॉबर्ट कापा १९५४ साली व्हिएतनाममध्येच सुरुंगावर पाय पडून गेला. लॅरी बरोज १९७१ साली लाओसमध्ये हेलिकॉप्टर पाडलं गेलं त्यात. एवढ्या जवळ जाऊन त्यांनी काढलं, आणि मी हॉटेलच्या मऊ गादीवर पडून माझ्या नाजूकपणाची चर्चा करतेय. शाबास.

वहिनींना मेसेज टाकला: बाजार दुपारी करू, सकाळी मी म्युझियमला जाणार.

लगेच उत्तर आलं. म्हणजे त्याही जाग्याच. "मीपण येते. मला कोणी विचारलंच नाही."

साडेसातला उघडतं. सातला खाली भेटायचं ठरलंय. दादाला काय ते नाश्त्याला कळेल.