एक टाइल फोडून बघू द्या

आज संध्याकाळी घराच्या डागडुजीचा मिस्त्रींचा शेवटचा हिशेब मिटवला. रात्रीचे साडेदहा झालेत, आई झोपली आहे. दीड महिना खिशात फिरलेली वही पुढ्यात घेऊन बसलोय. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात खर्चाचा अंदाज लिहिलाय, 3,10,000 रुपये, खाली दोन रेघा मारून. त्या दोन रेघा मी किती खात्रीने मारल्या होत्या, ते आज आठवतंय.

इंदूरच्या रामबागेतलं आमचं हे घर 1979 चं. वर आई आणि मी, खाली काका-काकू. आमच्या बाथरूमचं पाणी काकूंच्या देवघराच्या छतातून झिरपायला लागलं, त्याला दोन पावसाळे झाले. काकूंनी देव उचलून स्वयंपाकघरातल्या फळीवर नेले आणि आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काम काढायचंच तर बाथरूमबरोबर हॉल आणि आतल्या खोलीची फरशी, थोडा रंग आणि हॉलला फॉल्स सीलिंगही करून घ्यावं असं ठरवलं. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते आणि भाव चढतात, म्हणून जूनच्या आत उरकायचं होतं. दोघांना बोलावलं. पहिल्या ठेकेदाराने उभ्या उभ्या अर्ध्या कागदावर लिहून दिलं: बाथरूम कम्प्लीट, इतके. दुसरे हे मिस्त्री. त्यांनी नळ सोडून पाहिला, भिंतीवर बोटाच्या पेराने ठकठक केलं आणि म्हणाले, "भैया, पहले एक टाइल तोड़ के देख लेने दो, फिर बताऊँगा."

मी नाही म्हणालो. बाथरूम वापरात होतं, आईला त्रास झाला असता. आणि खरं कारण हे की मला त्याच दिवशी आकडा हवा होता. मग काम मिस्त्रींना दिलं, पण अंदाज त्या अर्ध्या कागदावरून मीच बसवला. वरती 10 टक्के म्हणजे 31,000 राखीव धरले आणि निश्चिंत झालो.

भाव मी एकही चुकीचा लिहिला नव्हता. चार दुकानं फिरून, विचारून लिहिले होते. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्के झाला, याचाही मी हिशेब मांडला होता. पण आमच्या सगळ्या कामाला सिमेंट लागलं 20 पोती. त्यात वाचून वाचले पाच-सहाशे रुपये. डागडुजीत पैसा जातो मजुरीत, आणि त्याहून जास्त त्या ओळींत, ज्या वहीत लिहिलेल्याच नसतात.

फरशीचंच पाहा. दोन्ही खोल्या मिळून 400 चौरस फूट. टाइल 2 बाय 2, खोक्यात चार, म्हणजे 16 चौरस फूट, म्हणजे 25 खोकी. इतकं सरळ वाटलं होतं. पण 2 बाय 2 म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात 600 मिलिमीटरची, दोन फुटांना थोडी कमी, आणि खोक्यात भरतं साडेपंधरा फूट. कोपऱ्यांत कापून वाया जाणारी दहा टक्के धरली नव्हती. भिंतीच्या पायथ्याची चार इंची पट्टी, स्कर्टिंग, तर डोक्यातच नव्हती. मिस्त्रींनी फीत लावून 31 खोकी सांगितली. बरं झालं आधी सांगितली, कारण नंतर आणायला गेलो असतो तर तीच छटा मिळेल याची खात्री नाही. खोक्यावरचा लॉट नंबर जुळवून घ्यायचा असतो, हे मला बावन्नाव्या वर्षी कळलं.

बाथरूमची पहिली टाइल निघाली तेव्हा मी दारातच उभा होतो. टाइलबरोबर मागचं प्लास्टर पोळीसारखं सुटून आलं. आत ओल, आणि ओलीत लोखंडी पाइप, बोट लावलं तर गंज हाताला येईल असा. इंदुरात नर्मदेचं पाणी आलं 1978 मध्ये, सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून. त्याच्या पुढच्याच वर्षी बाबांनी हे नळ घातले होते. शेजारचे लोक पाणी बघायला आले होते, असं आई सांगते. ते पाइप तेव्हापासून भिंतीत होते आणि मी त्यांना वहीत एक ओळही दिली नव्हती.

पाइप बदलले, 21,000. प्लास्टर नव्याने, 14,000. वॉटरप्रूफिंगचे 11,000, जे मी "कम्प्लीट" या शब्दात आलेच असतील असं समजलो होतो. गीझरसाठी 4 एमएमची वेगळी वायर. मग मलबा. आपल्या शहरात मलबा रस्त्याकडेला टाकून चालत नाही आणि ते योग्यच आहे, पण गोणीत भरून जिन्याने खाली उतरवणं, ट्रॉली, आणि रेती-टाइल वर चढवायची मजुरी मिळून 12,000 झाले. ही ओळ तर कोणीच लिहून देत नाही. फरशीची जादा खोकी आणि वायर धरून सगळं मिळून 76,000 वाढले.

त्या रात्री आईशी बोललो. ती म्हणाली, "सीलिंगकडे कोण बघतंय रे? काकूंचे देव फळीवर आहेत." फॉल्स सीलिंगचे 48,000 खोडले. एकूण 3,38,000 झाले. राखीव धरून 3,41,000 च्या आत बसलो, पण ते माझ्या अंदाजाने नव्हे, एक हौस सोडल्याने. जुन्या घराला 10 टक्के राखीव पुरत नाही. निदान 20 ते 25 धरायला हवेत, आणि ते पाइप-वायर-प्लास्टरच्या नावाने धरायला हवेत, नाहीतर आपण ते महागड्या नळांवर उडवून मोकळे होतो. दुकानात उभा असताना माझा हातही दोनदा तिकडे गेला होता.

एक गोष्ट मात्र मी नीट केली. वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल बसवायच्या आधी पाणी वाहून जायच्या भोकाचं तोंड बंद करून बाथरूममध्ये 48 तास पाणी भरून ठेवायला लावलं. मिस्त्रींनीही कुरकूर केली नाही. काकू दर थोड्या वेळाने खाली खुर्चीवर उभं राहून छताला हात लावून बघत होत्या. त्यांना दहादा सांगितलं, खुर्चीवर चढू नका. दुसऱ्या रात्री त्यांनी जिन्यातून हाक मारली, "कोरडं आहे रे, खडखडीत!" त्यांच्या आवाजात काय होतं ते मला इथे लिहिता येणार नाही. गेल्या गुरुवारी त्यांनी देव परत जागेवर मांडले.

3,000 उरलेत. दुपारी आई नव्या बाथरूममधून येताना भिंत चाचपत आली तेव्हा लक्षात आलं, तिला धरायला दांडीच नाही. मी टाइल मोजल्या, पोती मोजली, पण आत उठबस कोण करणार आहे ते मांडलं नाही. मिस्त्रींना तसाच फोन केला. उद्या दहाला येणार आहेत. आईने कमोडजवळ एकदा बसून उठून दाखवायचं, मग ते उंचीची खूण करतील. टाइल बसायच्या आधी भिंतीला फीत लावून पाइपांचे फोटो काढून ठेवले होते, ते आत्ताच शोधून वर काढून ठेवलेत. ड्रिल त्या पाइपात जायला नको.