हार्ड डिस्क दिसत नाही? आधी तारीख बघा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कारण सज्ज्यावरून जुना पीसी खाली काढला की जो तो मला हेच विचारतो, भाऊ, हार्ड डिस्क दिसून नाही राहिली, बायोसमध्ये काय सेट करू? काहीच सेट करू नका. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मदरबोर्डवरचा (पीसीच्या मुख्य बोर्डावरचा) प्रोग्राम. पीसी सुरू होताच डिलीट दाबून त्यात जा आणि फक्त तारीख बघा.

वर्ष भलतंच जुनं दिसलं तर डिस्क बहुतेक निर्दोष आहे, तारीख आणि सेटिंग जपणारा मदरबोर्डवरचा सेल गेलाय. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, नाण्याएवढा, नागपुरात बर्डीवर घड्याळवाल्याकडेही मिळून जातो. पीसीला करंट नसला की सगळा भार त्या सेलवर, आणि त्यात नागपूरचे चार-पाच उन्हाळे सज्ज्यावर काढले म्हणजे तो काय टिकणार. सेल संपला की बायोस स्वतःच्या मूळ सेटिंगवर जातं. साटा (बारीक केबलच्या, नव्या जातीच्या) डिस्कवाल्या मशीनवर मग डिस्कशी बोलायची पद्धत कधी जुन्या आयडीईची नवी एएचसीआय होऊन बसते, विंडोज एक्सपीकडे तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, नसतो, निळी स्क्रीन आणि एरर कोडच्या शेवटी ७बी. परत आयडीई करा, सुरू होईल. एवढंच.

खरी गंमत त्याहून जुन्या मशीनची. महाल भागात एका काकाजींकडे दुकानाचा सगळा हिशेब २.१ जीबीच्या डिस्कवर होता, सेल मी बदलला, मग ऑटो डिटेक्शन, म्हणजे बायोसनेच डिस्क ओळखायची सोय, चालवलं तर स्क्रीनवर डिस्क मोजायच्या तीन मोडच्या ओळी आल्या, १ नॉर्मल, २ एलबीए, ३ लार्ज, आणि मी आपला हुशारीत १ दाबून मोकळा. नॉर्मल म्हणजे नॉर्मलच असणार ना! मशीन चालूच होईना. काकाजी काही बोलले नाहीत, चहा मात्र तसाच गार होत होता, आणि शेजारचा एक शहाणा म्हणे, फॉरमॅट मारून टाक नं बे.

नशीब मारलं नाही. बायोस डिस्कवरची जागा सिलिंडर, हेड, सेक्टर अशा तीन आकड्यांनी शोधतं, नॉर्मलमध्ये त्यांची हद्द १०२४, १६ आणि ६३, एका सेक्टरचे ५१२ बाइट, गुणाकार केला की जेमतेम ५०४ एमबी. एलबीए त्याच डिस्कची मोजणी वेगळी करतं म्हणून पुढची जागा गाठता येते. गल्लीतल्या घरांचे नंबर बदलले की पोस्टमन चिठ्ठी घेऊन परत जातो, घर कुठे हललेलं नसतं, तसंच. डिस्क ज्या मोडमध्ये फॉरमॅट झाली तोच मोड द्यायचा, दुसरा दिला तर डेटा गेल्यासारखा वाटतो आणि आपण घाबरून जे करतो त्यानेच तो खरा जातो.

परत आत गेलो, २ दाबून एलबीए घेतलं, सेव्ह केलं, विंडोज आलं.

तेव्हा मोबाइलला कॅमेरा कुठला! तुमच्याकडे आहे, तर काही बदलायच्या आधी प्रत्येक स्क्रीनचा फोटो काढा. आणि ऑटो केल्यावरही डिस्क दिसलीच नाही तर बायोस सोडा, डिस्कच्या मागचा जंपर, म्हणजे ती केबलवर मास्टर (पहिली) की स्लेव्ह (दुसरी) हे ठरवणारी छोटी टोपी, बघा, एकाच केबलवर दोन मास्टर करून ठेवलेले मी कितीदा पाहिलेत.

काकाजींनी त्याच दिवशी बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर ‘एलबीए, २ दाबणे’ लिहून कॅबिनेटला सेलोटेपने चिकटवलं. खाली माझा फोन नंबरही.