सात अक्षरं आणि एक संत्रं

भाची कॉलेजसाठी नागपुरात आमच्याकडे राहायला आली आणि मला एक नाद लावून बसली. दुपारची जेवणं आटोपली की आम्ही दोघं फोनमधल्या एका कोड्यावर तुटून पडतो. मोहोळासारखी सात घरं, प्रत्येकात एक इंग्रजी अक्षर. त्यांतून शब्द काढायचे, किमान चार अक्षरांचे. एकच अक्षर कितीही वेळा घ्या, पण मधल्या घरातलं प्रत्येक शब्दात यायलाच हवं. परवा मध्ये ए होता आणि भोवती ई, जी, आय, एन, आर, टी.

भाची इंग्रजी शाळेतली. ती अक्षरांकडे फारशी बघतच नाही, नुसती पुटपुटत राहते. "रेन, ट्रेन, ग्रेन, गेन..." एक शब्द कानाला सापडला की त्याचे भाऊबंद मागोमाग येतात. मी मराठी शाळेतला. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि तेही तोंडानं नव्हे, स्पेलिंगनं. ‘बी ई ए यू, टी आय, एफ यू एल’ हे आधी चालीत पाठ. ब्यूटिफुल म्हणजे काय, ते सर सवडीनं सांगायचे. त्यामुळे इंग्रजी शब्द म्हणजे मला अजूनही डब्यांची मालगाडीच दिसते. शिट्टी मागाहून ऐकू येते.

पण या खेळात हेच कामाला येतं. आय, एन, जी एकत्र दिसले आणि मला सरांचा आवाज आला, "चालू काळ ना? मग आयएनजी लाव!" लावत सुटलो. ईटिंग, रेटिंग, ट्रेनिंग, इरिटेटिंग.

"मामा, हे चीटिंग आहे."

"चीटिंगला सी आणि एच लागतात. ते आज नाहीत."

माझ्यासारख्या शेपूटलाव्या माणसांची धास्ती एका गृहस्थानं फार पूर्वीच घेतली होती. स्क्रॅबल या सोंगट्यांवरची अक्षरं जुळवून शब्द करायच्या खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुविशारद. 1930 च्या दशकातल्या मंदीत हाताला काम उरलं नाही, तेव्हा तो वर्तमानपत्रांतली अक्षरं एकेक करून मोजत बसला. त्या मोजदादीवरून त्यानं 100 सोंगट्यांत ई ठेवले 12, क्यू आणि झेड एकेकच. एस मात्र हात आखडून 4 च दिले, नाहीतर जो तो अनेकवचनं करत सुटला असता. बेकार माणसानं वर्तमानपत्र घेऊन जाहिराती बघायच्या सोडून अक्षरं मोजावीत, हे घरच्यांना कसं दिसलं असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आपल्याकडेही ‘कमल’चं ‘कलम’ होतं, ‘मगर’ फिरवली की ‘गरम’ होते. पण आपल्या अक्षराचा काना-मात्रा त्याच्या अंगावर शिवलेला. इंग्रजी अक्षरं फुटाण्यांसारखी सुटी, आणि जागा बदलली की आवाजही बदलणारी. परवाच्या सातांत आमच्या ओट्याचा ‘ग्रॅनाइट’ होता. तीच सात हलवली की ‘टीअरिंग’, म्हणजे फाडणं. कानाला या नात्याचा पत्ता लागणं शक्य नाही.

मग मी मोठ्या झोकात ‘टायगर’ टाइप केला. नामंजूर! त्यात ए नाही. विदर्भातल्या माणसाचा वाघ असा दारातून परत पाठवला. ‘राणी’ मात्र चालली, ‘राग’ला शेवटी ए लावून ‘रागा’ केलं तोही चालला, नानही पोचलं. तेवढ्यात शेपटाच्याच वाटेनं मला ‘एंटरटेनिंग’ मिळाला. सातही अक्षरं वापरणारा! मी कॉलर ताठ केली.

भाचीनं शांतपणे ‘टँजरीन’ टाकला. त्यातही सातच्या सात.

"हे काय असतं?"

"अरे मामा, ऑरेंजसारखंच. सोलायला सोपं असतं ते."

म्हणजे संत्र्याचं सख्खं भावंड. नागपुरात जन्म गेला, डिसेंबरात घरात संत्र्यांची टोपली, आणि मला तेवढंच सुचलं नाही! चिडून शब्दकोश उघडला. या फळाला नाव मिळालं ते मोरोक्कोतल्या टँजिअर बंदरावरून. ते नाव कागदाच्या कोपऱ्यावर लिहिलं आणि बघतच राहिलो. टी, ए, एन, जी, आय, ई, आर. तीच सात, प्रत्येक एकदाच.

विशेषनामं खेळात चालत नाहीत. पण हाच शब्द पहिलं अक्षर लहान काढून लिहिला की त्याचा अर्थ होतो ‘अधिक आंबूस, जिभेला झोंबणारं’. टाकला. मंजूर!

"हा कसा सुचला तुला?"

टोपलीतलं संत्रं अंबिया बहाराचं, म्हणजे जरा आंबूसच होतं. मी एक फोड सोलून तिच्यापुढे धरली. तिनं ती तोंडात टाकली आणि एक डोळा घट्ट मिटून घेतला.