स्कोअरशीटमध्ये असिस्टला रकाना नसतो

मागच्या रविवारी नेरुळला आमच्या कोर्टवर मुलींची अंडर-१६ ची बास्केटबॉल फायनल होती आणि मी नेहमीसारखा टेबलवर स्कोअरशीट भरायला बसलो होतो. पहाटे पाऊस पडून गेलेला, त्यामुळे पहिला अर्धा तास आम्ही सगळे वायपर घेऊन पाणीच ढकलत होतो, डावीकडच्या कॉर्नरला सिमेंट खचलंय तिथलं डबकं काही हटेना, शेवटी कोणाच्या तरी आईने घरून जुनी चादर आणून दिली आणि त्याने पुसून घेतलं. मॅच मस्त झाली, शेवटच्या दोन मिनिटांपर्यंत कोणाचीच नव्हती. जिंकलेल्या टीमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन पास वाटणारी, मॅच संपल्यावर लगेच टेबलपाशी आली, केस चेहऱ्याला चिकटलेले, अजून धापा टाकतेय, आणि मला विचारते, "सर, तिचे जास्त झाले की माझे?"

ती म्हणजे त्यांची सेंटर, बास्केटजवळ खेळणारी. दोघी एकाच सोसायटीतल्या, एकाच रिक्षाने येतात, एकीच्या बाटलीतलं पाणी दुसरी पिते. मी शीट बघून सांगितलं, तिचे १९, तुझे ८. पोरीचा चेहराच पडला. "पण पास तर मीच दिले ना सगळे," एवढंच म्हणाली आणि बक्षीस समारंभाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बेस्ट प्लेयर सेंटरला मिळालं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही, ती खरंच भारी खेळली.

पण घरी आल्यावर ती शीट डोक्यातून जाईना. ज्यांनी कधी भरली नाही त्यांना सांगतो, आपल्याकडे फिबाची, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेची, शीट चालते. उजव्या बाजूला १, २, ३ असे आकडे उभे छापलेले असतात, बास्केट झाली की टीमच्या नवीन टोटलवर तिरकी रेघ मारायची आणि बाजूला प्लेयरचा जर्सी नंबर लिहायचा, फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका, थ्री पॉइंटर असेल तर नंबरला गोल. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्याने. डावीकडे फाउलचे चौकोन, टाइमआउटचे चौकोन, खाली सह्या. बस. बास्केट झाली तो पास कोणी दिला (म्हणजे असिस्ट), हुकलेला शॉट कोणी पकडला (म्हणजे रिबाउंड), डिफेंडरच्या वाटेत उभं राहून, म्हणजे स्क्रीन लावून, कोणी मार खाल्ला, ह्याला त्या कागदावर कुठेच जागा नाही. सेंटरच्या नऊ बास्केट झाल्या आणि एक फ्री थ्रो, त्यातल्या निम्म्याहून जास्त बास्केट ह्या पोरीच्या पासवर झाल्या असणार हे मला बघून माहीत होतं, पण मी लिहिलं काय तर नऊ वेळा सेंटरचा नंबर.

आमच्या कॉलेजच्या वर्षांत कट्ट्यावर एकच वाद असायचा, शॅक की कोबे, म्हणजे अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या लेकर्स टीमचा सेंटर शकील ओ'नील की गार्ड कोबे ब्रायंट. लेकर्सनी २०००, २००१, २००२ अशी लागोपाठ तीन टायटल घेतली आणि तिन्ही वेळा फायनल्स एमव्हीपी, म्हणजे फायनलचा बेस्ट प्लेयर, शॅकला. कागदावर विषय संपला ना? पण २००० च्या फायनलची (सात मॅचची सिरीज असते ती) इंडियानातली चौथी मॅच ज्यांनी बघितलीय त्यांना विचारा. कोबे तेव्हा २१ वर्षांचा, दुसऱ्या मॅचमध्ये घोटा मुरगळला म्हणून तिसरी मॅच बाहेर बसलेला. चौथीत ओव्हरटाइम लागला आणि ओव्हरटाइममध्ये शॅकचा सहावा फाउल झाला, गेला बाहेर. मग त्या दुखऱ्या पायावर कोबेने ओव्हरटाइममध्ये ८ पॉइंट काढले आणि लेकर्स १२०-११८ ने जिंकले. हरले असते तर सिरीज २-२ झाली असती आणि पुढे काय झालं असतं देव जाणे. कोबेवाले हे ऐकवायचे आणि मी कोबेवालाच होतो. पण त्याच मॅचमध्ये शॅकचे ३६ पॉइंट आणि २१ रिबाउंड होते. ते नसते तर ओव्हरटाइम आलाच नसता, लेकर्स आधीच हरून मोकळे झाले असते. आता ह्यातली मॅच कोणाची ते वाटून दाखवा. मी खूप वर्षं प्रयत्न केला, पॉइंट मोजून, मिनिटं मोजून, नाही होत. पाणी आणि साखरेतून सरबत कोणाचं असं विचारण्यासारखं आहे ते.

आणि हे वाटून घ्यायच्या नादातच ती टीम गेली. २००४ ला डेट्रॉइटकडून ४-१ हरले आणि शॅक मायामीला गेला. तिकडे २००६ ला ड्वेन वेडबरोबर जिंकला, इकडे कोबे २००९ आणि २०१० ला पाऊ गॅसोलबरोबर जिंकला, आणि लोक मोजत बसले, ह्याची चार, त्याची पाच. २०१० ची सातवी मॅच मी ऑफिसला दांडी मारून बघितलेली, बोस्टनविरुद्ध, ८३-७९. कोबेचे २४ पैकी फक्त ६ शॉट गेले. रिबाउंडला मात्र जीव तोडून लढला, १५ काढले. गॅसोलने १८ रिबाउंड काढले, रॉन आर्टेस्टने २० पॉइंट केले. एमव्हीपी कोबे. सिरीजभराचा विचार केला तर बरोबरच आहे, पण त्या सकाळी गॅसोल नसता तर कोबेची पाच नाही, चारच राहिली असती. मला मनापासून वाटतं की शॅक आणि कोबे एकमेकांचं नाव मोकळेपणाने घेत राहिले असते तर अजून दोन टायटल तरी आली असती. २४ फेब्रुवारी २०२० ला कोबेच्या शोकसभेत शॅक बोलायला उभा राहिला ते बघताना मला सारखं तेच वाटत होतं. जे बोलायचं ते बोलायला किती उशीर झाला.

मी हे एवढं पोटतिडकीने लिहितोय कारण हीच चूक मी स्वतः केलीय.

२००३ ची गोष्ट, ठाण्याला इंटरकॉलेज फायनल. मी गार्ड, आणि आमचा सेंटर सानपाड्याचा, अंगाने आडवा, स्वभावाने एकदम गप्प. माझे २२ पॉइंट झाले त्या दिवशी. ते कसे झाले ते सांगतो. समोरच्या टीमने त्यांचा सगळ्यात चिवट डिफेंडर माझ्यावर लावलेला, आणि दर वेळी तो माझ्या अंगावर आला की आमचा सेंटर येऊन त्याच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहायचा, तो पोरगा धाडकन ह्याच्या खांद्यावर आपटायचा, आणि मला मोकळा शॉट. पूर्ण मॅचभर. ह्याचे स्वतःचे पॉइंट ४. मला बेस्ट प्लेयरची ट्रॉफी आणि एक किटबॅग मिळाली, ती किटबॅग मी पुढे सहा-सात वर्षं वापरली.

तेव्हा ठाणे-वाशी लोकल सुरू झाली नव्हती, कुर्ल्याला येऊन हार्बर पकडायची. निघताना स्टेशनबाहेरच्या उसाच्या रसवाल्याकडून आमच्या सेंटरने बर्फ मागून घेतला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि तो खिडकीला बसून ती पिशवी खांद्यावर धरून होता. बर्फ वितळून पाणी त्याच्या शर्टात जात होतं. आणि मी दारात उभा राहून पोरांना माझेच शॉट रंगवून सांगत होतो, हा असा मारला, तो तसा मारला. एकदाही मी त्याच्याकडे वळून म्हटलं नाही की अरे तुझ्यामुळे. पुढच्या आठवड्यात कॉलेजमध्ये सत्कार झाला, माझ्या हातात माइक दिला, मी सरांचे आभार मानले, आईबाबांचे मानले, त्याचं नाव घेतलं नाही. मुद्दाम नाही, सुचलंच नाही. तो तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता.

लोक म्हणतील मोठे प्लेयर असंच करतात. नाही करत. १९८० च्या फायनलची लेकर्सची फिलाडेल्फियातली सहावी मॅच घ्या. करीम अब्दुल-जब्बारने पाचव्या मॅचमध्ये घोटा दुखावलेला असताना ४० पॉइंट मारले आणि मग तो सहाव्या मॅचला जाऊच शकला नाही, लॉस एंजेलिसला घरी राहिला. मॅजिक जॉन्सन २० वर्षांचा, पहिलाच सीझन, करीमच्या जागी सेंटर म्हणून उतरला आणि ४२ पॉइंट, १५ रिबाउंड, ७ असिस्ट. एमव्हीपी मॅजिक. पण जिंकल्या जिंकल्या टीव्हीवर बोलायची वेळ आली तेव्हा हा पोरगा कॅमेऱ्यातून थेट घरी बसलेल्या करीमशी बोलला, घोटा दुखत असेल तरी आज रात्री उठून नाच म्हणून सांगितलं त्याला. (त्याच मॅचमध्ये जमाल विल्क्सने ३७ पॉइंट केले होते, सदतीस, आणि त्याचं नाव आज कोणी काढत नाही, म्हणून मी काढतोय.)

आणि २०२४. १८ जून, आपल्याकडे मंगळवारची सकाळ, सहाला मॅच, मी डबा भरता भरता बघत होतो. बोस्टनने डॅलसला ४-१ हरवलं, एमव्हीपी जेलेन ब्राउनला. फायनलमध्ये बोस्टनकडून सगळ्यात जास्त पॉइंट, रिबाउंड आणि असिस्ट तिन्ही जेसन टेटमचे होते, ब्राउनने डॅलसच्या लुका डॉन्चिचला जीव तोडून डिफेंड केलेलं, म्हणजे कोणालाही दिलं असतं तरी अर्धे लोक ओरडलेच असते. ब्राउनने ट्रॉफी हातात आल्यावर माइकवर सगळ्या टीमचं आणि टेटमचं नाव घेऊन सांगितलं की हे आमचं सगळ्यांचं आहे. दहा सेकंद लागले असतील. मी त्या सत्कारात तेवढे दहा सेकंद काढू शकलो असतो.

नॉर्थ कॅरोलिनात डीन स्मिथ म्हणून कोच होते, मायकल जॉर्डन त्यांच्याच हाताखाली कॉलेज खेळला. त्यांची एक शिस्त होती, बास्केट केलीस की ज्याने पास दिला त्याच्याकडे बोट दाखवायचं. आज जगभर प्लेयर ते करताना दिसतात. आमच्या इथले सर पण पोरांना हे शिकवतात, "आधी बोट, मग डिफेन्सला पळा" असं ओरडत असतात, आणि खरं सांगतो, मला आजवर ती नुसती स्टाइल वाटायची.

रविवारी रात्री मी माझ्या त्या सेंटरला फोन लावला. नाशिकला असतो आता, दिवाळीला मेसेज होतो तेवढंच. मी इकडचं तिकडचं न बोलता डायरेक्ट सांगितलं की ठाण्याच्या फायनलचे ते २२ पॉइंट तुझे पण होते आणि मी कधी बोललो नाही. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "खांदा अजून दुखतो रे थंडीत." आणि मग आम्ही तासभर बोललो.

बुधवारी संध्याकाळी प्रॅक्टिसला गेलो तेव्हा एका मुलीच्या बाबांनी काढलेला फायनलचा व्हिडिओ मागून घेतला आणि पेन्सिल घेऊन मोजत बसलो. सेंटरच्या नऊ बास्केटपैकी सात त्या गार्डच्या पासवर. मी सेंटरला हाक मारून सांगितलं, बाळा, तुझ्या नऊपैकी सात तिने दिल्यात, तिला सांग एकदा.

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "सर, मी दर वेळी बोट दाखवलं तिच्याकडे. तुम्ही खाली बघून लिहीत होतात."

मी व्हिडिओ मागे घेतला. खरंच. सातही वेळा बास्केट होते, टेबलवर माझी मान खाली जाते, सेंटर पळता पळता हात लांब करून बोट दाखवते, आणि गार्ड तोपर्यंत पाठ फिरवून डिफेन्सला निघून गेलेली असते. सहाव्या वेळी तर ती तिला नावाने हाक पण मारते, पण पब्लिक एवढं ओरडतंय की ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

मी गार्डला बोलावलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला. तिने ते सहावं परत लावलं, मग परत एकदा लावलं, आणि मग मोबाइल तसाच हातात धरून कोर्टच्या त्या टोकाला लेअप मारत असलेल्या सेंटरकडे पळत गेली.